माणूस पकडण्याचा परवाना

अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात मोटार चालवण्याचा परवाना जे सरकारी खाते देते, केशकर्तनाचा परवाना जे खाते देते, तेच खाते माणूस पकडण्याचाही परवाना देते. अर्जदाराचे वय किमान २१ वर्षे असावे लागते. त्याला ३२ तासांचे प्रशिक्षण घ्यावे लागते, परीक्षा द्यावी लागते आणि पूर्वायुष्याची तपासणी करून घ्यावी लागते. हे सारे पार पडले की त्याच्या हाती कागद येतो. त्या कागदावर त्याचे नाव असते ‘बेल बाँड रिकव्हरी एजंट’, म्हणजे जामिनावर सुटून तारखेला हजर न राहिलेल्या आरोपीला शोधून परत आणणारा. लोक त्याला ‘बाउंटी हंटर’ म्हणतात. बक्षिसासाठी शिकार करणारा, असा त्या शब्दाचा सरळ अर्थ आहे.

हा इसम पोलीस नसतो. सरकार त्याला पगार देत नाही आणि त्याच्या हातात न्यायालयाचे नवे वॉरंटही नसते. तरीही माणसाला पकडून, बेड्या घालून तो तुरुंगाच्या दारात उभा करू शकतो. परवाना कसा मिळतो हे कोणत्याही माहितीपत्रकात वाचायला मिळेल. पण ज्या गोष्टीचा परवाना मिळतो ती गोष्ट, म्हणजे एका नागरिकाने दुसऱ्या नागरिकाला पैशासाठी पकडण्याचा अधिकार, मुळात आली कोठून? अमेरिकेतील काळ्या माणसाच्या इतिहासाशी तिचे नाते काय? सामाजिक चळवळीतल्या माणसाने विचारावा असा प्रश्न हा आहे.

आधी हा धंदा कसा चालतो ते समजून घेऊ. समजा, न्यायाधीशाने एका आरोपीला दहा हजार डॉलरचा जामीन सांगितला. पैसेवाला ही रक्कम स्वतः भरतो आणि घरी जातो. खटला संपल्यावर त्याची रक्कम त्याला परत मिळते. गरिबाकडे दहा हजार नसतात. मग त्याची आई किंवा बायको कोर्टासमोरच्या जामिनाच्या दुकानात जाते. दुकानदार साधारणपणे दहा टक्के, म्हणजे एक हजार डॉलर घेतो आणि पूर्ण रकमेची हमी न्यायालयाला लिहून देतो. हे हजार डॉलर परत मिळत नाहीत. आरोपी पुढे निर्दोष सुटला तरी मिळत नाहीत. शिवाय हमीपत्रावर त्या आईची सही असते आणि पुष्कळदा तिचे घरही तारण असते. आरोपी तारखेला हजर झाला नाही, तर न्यायालय दुकानदाराकडे पूर्ण रक्कम मागते, पण त्याला पकडून आणायला काही मुदतही देते. ही मुदत संपण्याच्या आत रक्कम वाचवायची म्हणून दुकानदार या एजंटाला गाठतो. एजंटाचा मोबदला जामिनाच्या रकमेच्या काही टक्के असतो. माणूस सापडला तर पैसे मिळतात, न सापडला तर सारी मेहनत पाण्यात जाते. म्हणजे एजंटाचे पोट भरायचे, तर कोणाला तरी बेड्या पडल्याच पाहिजेत.

जामिनाची कल्पना इंग्लंडची आहे. तेथे पूर्वी जामीनदार म्हणजे आरोपीचा नातेवाईक, शेजारी किंवा मालक असे. त्याने आरोपीला आपल्या ताब्यात घेतले, असे कायदा मानी. जामीनदार हाच आरोपीचा तुरुंगाधिकारी, असा तो विचार होता. म्हणून आरोपी पळेल अशी शंका आली, तर त्याला धरून परत देण्याचा हक्क जामीनदाराला होता. एकमेकांना ओळखणाऱ्या माणसांच्या गावात या हक्काला काही अर्थ होता. अमेरिकेत तो हक्क गेला आणि त्याच्या मागची ओळख मात्र मागे राहिली. १८१० मध्ये न्यू यॉर्कच्या न्यायालयाने ‘निकोल्स विरुद्ध इंगरसोल’ या खटल्यात जामीनदाराचा हक्क दुसऱ्या राज्याच्या हद्दीतही चालतो, आणि तो हक्क जामीनदाराने नेमलेला माणूसही बजावू शकतो, असे मान्य केले. पकडण्याचा अधिकार असा एका हातातून दुसऱ्या हातात देता येऊ लागला. जी गोष्ट हातातून हातात देता येते, ती विकतही देता येते.

त्याच काळात, त्याच देशात माणूस पकडण्याचा दुसरा कायदा जारी होता. पळून गेलेल्या गुलामाला मालकाच्या स्वाधीन करावे, असे कलम अमेरिकेच्या राज्यघटनेतच होते. १७९३ च्या कायद्याने मालकाला किंवा त्याच्या हस्तकाला अशा गुलामाला कोणत्याही राज्यात पकडून न्यायाधीशापुढे उभे करण्याची मुभा दिली. या मुभेवर पोटे भरणारे लोक निर्माण झाले. स्वतंत्र काळ्या माणसालाही ‘हा पळालेला गुलाम आहे’ म्हणून उचलून नेले जाई.

पेनसिल्व्हेनिया राज्याने १८२६ मध्ये यावर बंधन घातले. पकडणाऱ्याने आधी न्यायाधीशाकडून दाखला घ्यावा, दाखल्याशिवाय कोणाला राज्याबाहेर नेले तर तो अपहरणाचा गुन्हा, असा तो कायदा होता. आजच्या परवान्याच्या भाषेत बोलायचे तर पकडणाऱ्या हाताला अट घालण्याचा तो एक जुना प्रयत्न होता. १८३७ मध्ये एडवर्ड प्रिग आणि त्याचे साथीदार मेरीलंडमधून आले आणि पेनसिल्व्हेनियात राहणाऱ्या मार्गारेट मॉर्गन नावाच्या स्त्रीला तिच्या मुलांसह उचलून घेऊन गेले. त्यांतले एक मूल पेनसिल्व्हेनियाच्या स्वतंत्र भूमीवर जन्मलेले होते. आवश्यक तो दाखला प्रिगकडे नव्हता. खालच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. पण १८४२ मध्ये ‘प्रिग विरुद्ध पेनसिल्व्हेनिया’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली आणि पेनसिल्व्हेनियाचा कायदाही घटनाबाह्य ठरवला. शांततेचा भंग न करता आपला गुलाम कोठेही पकडण्याचा मालकाला हक्क आहे, असा त्या निकालाचा आशय होता. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी स्वतः गुलामगिरीचे विरोधक म्हणून ओळखले जात.

१८५० चा कायदा आणखी पुढे गेला. पकडलेल्या माणसाला स्वतःच्या बाजूने साक्ष देता येत नसे. प्रकरण ऐकणाऱ्या आयुक्ताने त्याला मालकाच्या हवाली केले तर आयुक्ताला दहा डॉलर मिळत आणि सोडून दिले तर पाच डॉलर मिळत. कागदपत्रांचे काम अधिक म्हणून पैसे अधिक, असे त्याचे समर्थन केले जाई. पळणाऱ्याला आसरा देणाऱ्यास एक हजार डॉलरपर्यंत दंड आणि सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास होता. बंदिवासाचा भाव स्वातंत्र्याच्या भावाच्या दुप्पट, हे या देशाच्या कायद्याने छापील स्वरूपात मान्य केले होते. हे कायदे रद्द व्हायला १८६४ साल उजाडावे लागले.

१८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपली. मात्र गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीची चाकरी चालेल, असा अपवाद त्या दुरुस्तीतच राहिला. त्यानंतर सातच वर्षांनी, १८७२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयापुढे ‘टेलर विरुद्ध टेंटर’ हा खटला आला. कनेक्टिकट राज्यात चोरीच्या आरोपातील एक इसम आठ हजार डॉलरच्या जामिनावर सुटला आणि न्यू यॉर्कला गेला. तेथून मेन राज्याच्या गव्हर्नरच्या मागणीवरून त्याला पकडून मेनला नेण्यात आले. तो कनेक्टिकटच्या न्यायालयात हजर राहू शकला नाही. प्रश्न एवढाच होता, की जामीनदारांनी पैसे भरायचे की नाही. भरायचे, असे न्यायालयाने ठरवले. पण निकाल लिहिताना न्यायमूर्ती नोआ स्वेन यांनी जामीनदाराच्या अधिकारांचे वर्णनही करून टाकले. आरोपी जामीनदाराच्या ताब्यात असतो आणि हा ताबा म्हणजे मूळच्या कैदेचेच पुढे चालणे होय. जामीनदार त्याला केव्हाही पकडू शकतो, दुसऱ्या राज्यात पाठलाग करू शकतो, रविवारीही धरू शकतो आणि गरज पडल्यास त्याच्या घरात घुसू शकतो. त्यासाठी नव्या हुकुमाची जरुरी नाही. निकालाला आवश्यक नसलेले हे वर्णन पुढे शंभराहून अधिक वर्षे बाउंटी हंटरांची सनद बनून राहिले.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. गुलाम पकडणाऱ्याचा वारस म्हणजे आजचा बाउंटी हंटर, असे सरधोपट विधान इतिहासात बसत नाही. ‘टेलर विरुद्ध टेंटर’ने आधार घेतला तो इंग्रजी जामीन परंपरेचा. त्यातला आरोपी गुलाम नव्हता. स्वेन हे तर लिंकनने नेमलेले न्यायाधीश होते आणि गुलामगिरीला विरोध म्हणून त्यांनी तरुणपणी व्हर्जिनिया सोडले होते. दोन्ही कायद्यांचे कूळ वेगळे आहे. पण दोन्ही एकाच घरात वाढले. खाजगी माणूस, आर्थिक स्वार्थ, राज्यांच्या सीमा ओलांडण्याची मुभा आणि न्यायालयाच्या हुकुमाशिवाय दुसऱ्याच्या देहावर हात टाकण्याचा हक्क, ही सारी लक्षणे दोहोंत सारखी आहेत. ज्या समाजाला माणूस पकडून देणे हा रोजगार आहे याची शतकभर सवय होती, त्या समाजाला १८७२ च्या या वाक्यांत वावगे काही दिसले नाही. स्टोरी आणि स्वेन दोघेही व्यक्तिशः गुलामगिरीचे विरोधक होते ही गोष्ट आपण विसरता कामा नये. न्यायाधीशाचे मन चांगले असणे आणि त्याच्या हातून माणसाला न्याय मिळणे यांत फार अंतर असते.

पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, जोतीराव फुले यांनी आपला ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि काळ्यांच्या गुलामीविरुद्ध झटलेल्या अमेरिकेतील लोकांना तो अर्पण केला. जोतीरावांनी ज्यांना वंदन केले ते लोक वंदनास पात्रच होते. पण त्याच अमेरिकेत गुलामगिरीचा कायदा गेल्यावर काय काय शिल्लक राहिले, हे पाहणे जोतीरावांच्या वाचकांचे काम आहे.

शिल्लक राहिलेल्या अधिकाराचा बाजार लवकरच भरला. १८९८ च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोमध्ये मॅकडोना बंधूंनी आपल्या बापाच्या दारूच्या गुत्त्यातून जामिनाचा धंदा सुरू केला. पुढे तो इतका फोफावला, की १९३७ च्या चौकशी अहवालाने त्यांच्या पेढीला शहरातील भ्रष्टाचाराचा उगम ठरवले. जामीनदार आता शेजारी राहिला नाही, तो व्यापारी झाला. त्यामागे विमा कंपन्यांचे भांडवल आले. ज्या इंग्लंडातून ही प्रथा निघाली त्या देशाला हा व्यापार कधी रुचला नाही. जामीनदाराला नुकसानभरपाई देण्याचा करार करणे हाच तेथे १९७६ च्या जामीन कायद्याने गुन्हा ठरला. व्यापारी जामीन मोठ्या प्रमाणावर चालणारे देश आज जगात अमेरिका आणि फिलिपाइन्स हेच. १९८१ मध्ये फ्लोरिडाच्या जामीनवाल्याच्या माणसांनी कॅनडातील टोरांटो शहरातून एका इसमाला उचलून फ्लोरिडात आणले, तेव्हा कॅनडाने त्यांच्यावर अपहरणाचा खटला चालवला. सीमेच्या एका बाजूला जो धंदा, तो दुसऱ्या बाजूला अपहरण!

अमेरिकेतील बहुतेक राज्यांत या धंद्याला दीर्घकाळ ना परीक्षा होती ना परवाना. जामीनवाल्याने चिठ्ठी दिली की कोणीही बंदूक घेऊन निघावे. आणि हे लोक पोलीस नाहीत, खाजगी आहेत, या कारणाने पोलिसांवर असलेली घटनात्मक बंधने यांना लागू होत नाहीत, असा निर्वाळा अनेक न्यायालयांनी दिला. चुकीच्या घरात घुसणे, भलत्याच माणसाला धरणे असे प्रकार घडत राहिले. १९९७ च्या ऑगस्टअखेर ॲरिझोनातील फिनिक्स शहरात मुखवटे घातलेले सशस्त्र लोक एका घरात घुसले आणि एक तरुण जोडपे ठार झाले. आपण बाउंटी हंटर आहोत असे त्यांनी सांगितले. पुढे निघाले ते दरोडेखोर. पण ‘आम्ही बाउंटी हंटर’ एवढे म्हटले की मध्यरात्री दार फोडणे खपून जाईल असे दरोडेखोरांना वाटावे, यातच त्या अधिकाराचे खरे रूप उघड झाले.

त्यानंतर कायदे झपाट्याने झाले. कॅलिफोर्नियाने १९९९ मध्ये कायदा करून किमान वय १८ ठरवले आणि अटकेच्या अधिकारांविषयी ४० तासांचे शिक्षण आवश्यक केले. सरकारी वाटेल असा गणवेश किंवा बिल्ला वापरायला बंदी केली आणि पकडण्याआधी स्थानिक पोलिसांना कळवण्याची सक्ती केली. हा कायदा ठराविक मुदतीचा होता. २०१० मध्ये तो संपला आणि २०१२ मध्ये पुन्हा करावा लागला. १ जुलै २०२३ पासून तेथे विमा खात्याचा परवाना लागतो. वॉशिंग्टन राज्याचा परवान्याचा कायदा २००४ चा. ठरवून दार फोडायचे असेल तर तेथे आधी पोलिसांना कळवावे लागते आणि आपण कोण आहोत हे ठळक अक्षरांत दिसेल असा अंगरखा घालावा लागतो. नेव्हाडात ८० तासांचे प्रशिक्षण आणि मानसिक तपासणी आहे. ज्या कनेक्टिकटमधून १८७२ चा खटला निघाला, त्या राज्यातही आज या कामाला परवाना लागतो.

या सुधारणांना तुच्छ लेखण्याचे कारण नाही. ज्याचे दार रात्री वाजते त्याला दारावरचा माणूस कोण हे कळणे, पोलिसांना आधी वर्दी असणे, तक्रार करायला एखादे खाते असणे, या गोष्टी जीव वाचवणाऱ्या आहेत. पेनसिल्व्हेनियाचा १८२६ चा दाखलासुद्धा निरुपयोगी नव्हता. तो निरुपयोगी असता, तर रद्द करायला सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याची वेळ आली नसती.

पण परवाना काय करतो आणि काय करत नाही, हे स्पष्ट पाहिले पाहिजे. तो पकडणाऱ्याला तपासतो. पकडण्याच्या हक्काला तो हात लावत नाही. उलट, जो हक्क आजवर न्यायालयाच्या एका जुन्या परिच्छेदावर उभा होता, त्याला तो सरकारी शिक्का देतो. परवान्यासाठी बहुतेक ठिकाणी अर्जदारावर गंभीर गुन्हा सिद्ध झालेला नसावा लागतो. कोणी म्हणेल, यात वावगे काय? पण हा नियम आरोपीच्या वस्तीतून पाहा. अमेरिकेत काळ्या वस्त्यांतून लोक अधिक पकडले जातात, आणि सारख्याच आरोपाला काळ्या आरोपीच्या वाट्याला अधिक जामीन येतो, हे अनेक अभ्यासांनी दाखवले आहे. म्हणजे ज्या वस्तीची माणसे पकडली जातात, त्याच वस्तीच्या तरुणांच्या नावावर जुनी शिक्षा असते आणि त्यांना ही परीक्षाही देता येत नाही. त्यांना पकडणारे होता यावे, अशी माझी मागणी नाही. गरिबाच्या गळ्यात शिक्का अडकवणारी व्यवस्था आणि त्याला धरायला येणाऱ्याची अब्रू तपासणारी व्यवस्था एकच आहे, एवढेच दाखवायचे आहे.

या धंद्याचे समर्थक म्हणतात, की एजंट सरकारचा एक पैसाही खर्च न करता फरारी माणूस परत आणतो, आणि जामीनवाल्याच्या हमीवर सुटलेले लोक तारखेला अधिक हजर राहतात. काही अर्थशास्त्रज्ञांनी आकडेवारीने तसे मांडलेही आहे. या युक्तिवादाला उत्तर दिले पाहिजे. सरकारचा खर्च होत नाही हे खरे, पण खर्च होतच नाही हे खोटे. तो आरोपीच्या आईने दिलेल्या दहा टक्क्यांतून होतो. हजेरीसाठी दुसरे मार्गही आहेत. न्यू यॉर्कमध्ये १९६१ मध्ये सुरू झालेल्या मॅनहॅटन बेल प्रोजेक्टने आरोपीचे घर, नोकरी आणि कुटुंब यांची चौकशी करून त्याला पैशाशिवाय सोडण्याची शिफारस करायला सुरुवात केली. असे सुटलेले बहुसंख्य लोक तारखेला हजर राहिले. त्यातूनच १९६६ चा संघराज्याचा जामीन सुधारणा कायदा आला. राजधानी वॉशिंग्टन शहरात बहुसंख्य आरोपी वर्षानुवर्षे पैसे न भरता सुटत आले आहेत. अनेक जण तारखेला येत नाहीत ते पळाले म्हणून नव्हे. कामावरून सुटी मिळाली नाही, मूल आजारी पडले, तारीख लक्षात राहिली नाही, ही साधी कारणे असतात. त्यांच्यासाठी आठवणीचा एक निरोप पुरतो, तेथे बंदुकीचे काय काम?

काही राज्यांनी मूळ प्रश्नालाच हात घातला. इलिनॉयने १९६३ मध्ये आणि केंटकीने १९७६ मध्ये व्यापारी जामीन बंद केला. ऑरेगॉन आणि विस्कॉन्सिन यांनीही तीच वाट धरली. इलिनॉयमध्ये १८ सप्टेंबर २०२३ पासून पैशाचा जामीनच संपला. सोडायचे की ठेवायचे हे न्यायाधीशाने धोका पाहून, कारणे देऊन ठरवायचे. आरोपीचा खिसा पाहायचा नाही. तेथे पकडणाऱ्याला किती तासांचे प्रशिक्षण द्यावे, हा प्रश्न उरला नाही. विकणारा नाही म्हणून वसूल करणाराही नाही.

आपल्या देशात हा धंदा नाही, म्हणून आपण निश्चिंत राहावे असे मात्र नाही. १९७८ मध्ये मोतीराम नावाच्या गवंड्याचे प्रकरण आपल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आले. त्याला सोडण्याचा हुकूम झालेला होता, पण खालच्या न्यायालयाने दहा हजार रुपयांचा जामीन मागितला आणि त्याच्या भावाचा जामीन नाकारला, कारण भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात होती. न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी ती रक्कम एक हजारावर आणली आणि गरिबाच्या स्वातंत्र्याआड पैसा उभा करण्याच्या या रीतीवर कठोर प्रहार केला. पुढच्याच वर्षी हुसैनआरा खातून प्रकरणात बिहारच्या तुरुंगांतील असे कच्चे कैदी उजेडात आले, की ज्यांनी खटला न चालताच संभाव्य शिक्षेहून अधिक काळ तुरुंगात काढला होता. आपल्याकडे सातबारा नसलेला माणूस आत राहतो, तिकडे हजार डॉलर नसलेला आत राहतो. आपल्या कोर्टाच्या आवारात फिरणारा भाडोत्री जामीनदार आणि तिकडचा परवानाधारक दलाल यांत फरक एवढाच, की एकाचा धंदा चोरीछुपे चालतो आणि दुसऱ्याच्या भिंतीवर प्रमाणपत्र लटकते.

म्हणून कायद्याचा अभ्यास करणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी आणि वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी कोणतीही सुधारणा पुढे आली की एक प्रश्न विचारण्याची सवय लावून घ्यावी. ही सुधारणा जुलूम करणाऱ्या हाताला शिस्त लावते, की जुलमाचा हक्कच काढून घेते? पहिली गोष्ट मिळत असेल तर घ्यावी, कारण तेवढ्यानेही एखादा जीव वाचतो. पण ती मिळाली म्हणून दुसरीची मागणी सोडू नये. पेनसिल्व्हेनियाच्या दाखल्याला पकडणाऱ्यांची टोळी थोपवता आली नाही आणि मार्गारेट मॉर्गनला मुलांसह नेण्यात आले. गुलाम पकडण्याचे कायदे १८६४ मध्ये रद्द झाले, तेव्हाच त्या दाखल्याची गरज संपली.